आकड्यामागचे कारण : हीट ट्रेसिंग नियंत्रणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

तेलशुद्धीकरण प्रकल्पात किंवा मोठ्या रासायनिक कारखान्यात पाइप रॅकखालून चालताना डोक्यावरच्या कित्येक पाइपांवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण दिसते. पत्र्याखाली इन्सुलेशन आहे, एवढे कोणीही सांगेल. त्यातल्या काही पाइपांवर मात्र इन्सुलेशनच्याही आत, थेट पाइपाच्या अंगाला चिकटून, विजेची एक केबल धावत असते. इन्सुलेशन कितीही चांगले असले तरी उष्णता हळूहळू बाहेर जातच राहते. जेवढी गेली तेवढी ही केबल भरून काढते आणि आतला द्रव ठरलेल्या तापमानावर राखते. या व्यवस्थेला हीट ट्रेसिंग म्हणतात. केबलला वीज कधी द्यायची, कधी तोडायची आणि काही बिनसले तर कोणाला हाक मारायची, हे ठरवणारे उपकरण म्हणजे हीट ट्रेसिंग कंट्रोलर. त्या कंट्रोलरमध्ये कोणते आकडे भरायचे आणि ते तसेच का भरायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय पाहता पाहता संपेल असा वाटतो. पॅनेलच्या दारावर बसवलेला एक छोटा पडदा, चार-सहा बटणे आणि भरायच्या मोजक्या नोंदी: सेट पॉइंट, डेडबँड, कमी तापमानाचा अलार्म, जास्त तापमानाचा अलार्म, करंटच्या मर्यादा, अर्थ लीकेज. कमिशनिंगच्या धावपळीत एका सर्किटला दहा मिनिटेही मिळत नाहीत. पुष्कळदा कंपनीकडून आलेले मूळ आकडेच कायम राहतात, किंवा शेजारच्या सर्किटचे उतरवून घेतले जातात. लाइन चालू होते, सगळे आपापल्या कामाला लागतात आणि ते आकडे वर्षानुवर्षे तिथेच राहतात. ते चुकीचे होते हे कळते ते लाइन जाम झाल्यावर. म्हणून या दहा मिनिटांसाठी एक स्वतंत्र पुस्तक लिहावे, असे वाटले.

आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात पाइप तापवायचे कशाला, ही शंका नवख्या वाचकाला येणे स्वाभाविक आहे. उत्तर घरातच सापडेल. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली थिजते, कारण ते तेल चोविसेक अंशांना गोठते. कारखान्यातल्या अनेक पदार्थांचे तसेच आहे, फक्त त्यांचे गोठणबिंदू निरनिराळे आहेत. शुद्ध ॲसेटिक ॲसिड १६.६ अंश सेल्सिअसला गोठते. पुणे जिल्ह्यात हिवाळ्यात पहाटेचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरणे नवलाचे नाही, त्यामुळे कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतीत ही गोष्ट पुस्तकी राहत नाही. फिनॉल ४०.५ अंशांना गोठते, म्हणजे विदर्भातला मे महिना सोडला तर ते उघड्यावर गोठलेलेच राहील. नॅफ्थलीनला वितळायला ८० अंश लागतात आणि गंधकाला सुमारे ११९. बर्फ न पडणाऱ्या मुलखातही हीट ट्रेसिंगला भरपूर काम आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

या विद्येने भारतात गाठलेला एक टप्पा आवर्जून सांगण्यासारखा आहे. राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात २००४ मध्ये मंगला हे तेलक्षेत्र सापडले आणि २००९ मध्ये तिथून उत्पादन सुरू झाले. तिथले कच्चे तेल मेणयुक्त आहे. साधारण ४० ते ४५ अंशांच्या खाली ते वाहेनासे होते. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेण्यासाठी सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन घातली गेली आणि सबंध लांबीभर ती तापवण्याची सोय केली गेली. सलग तापवलेली आणि इन्सुलेट केलेली ही जगातली सर्वांत लांब पाइपलाइन मानली जाते. पाइपाला जोडलेल्या लोखंडी नळीतून इन्सुलेटेड विद्युतवाहक ओवायचा आणि त्या नळीच्या आतल्या पृष्ठभागातून परतणाऱ्या प्रवाहाने उष्णता निर्माण करायची, ही स्किन इफेक्टची पद्धत तिथे वापरली आहे. तेल सुमारे ६५ अंशांवर राखले जाते. हा ६५ चा आकडा कोणी अंदाजाने लिहिलेला नाही. तेलातले मेण कोणत्या तापमानाला सुटू लागते, याचा अभ्यास त्यामागे आहे. वाळवंटातली ती पाइपलाइन असो वा तळोज्यातला पन्नास मीटरचा पाइप, आकडा ठरवण्याची रीत एकच आहे.

आता वाचकांबद्दल. तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे, रोहा अशा वसाहतींत हे कंट्रोलर हाताळणारी मंडळी बहुतेक आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, मराठीत विचार करणारी आणि मराठीतच एकमेकांना समजावणारी आहेत. मॅन्युअल मात्र इंग्रजीत असते, आणि ते कोणती नोंद कशी भरावी एवढेच सांगते. का भरावी ते फारसे सांगत नाही. त्यात मॅन्युअलचा दोषही नाही. कंट्रोलर बनवणाऱ्याला तुमच्या पाइपात काय आहे हे ठाऊक नसते. ते तुम्हालाच ठाऊक असते. म्हणूनच या ज्ञानाचा अर्धा भाग कारखान्यातच तयार व्हावा लागतो, आणि तो तयार करण्याची पात्रता पॅनेलसमोर उभ्या असलेल्या माणसाकडे आहे, अशी या लेखकाची धारणा आहे.

वाचकांनी हा विषय कोणत्या क्रमाने घ्यावा, हे आधीच सांगितलेले बरे. कंट्रोलरपासून सुरुवात करू नये. आधी द्रव समजून घ्यावा: तो कधी गोठतो, कधी घट्ट होतो, किती तापमान सोसतो. मग पाइप आणि इन्सुलेशन, मग केबल, मग सेन्सर, आणि सर्वांत शेवटी कंट्रोलर. पहिल्या चार गोष्टी स्पष्ट झाल्या की पाचवीतले आकडे बरेचसे आपोआप ठरतात. उलट्या क्रमाने गेलात, तर बटणे पाठ होतील, पण वेगळ्या कंपनीचा कंट्रोलर समोर आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

द्रवापासून सुरुवात करणे म्हणजे काय, हे गंधकाच्या उदाहरणाने नीट दिसते. तेलशुद्धीकरणात वायूंमधला हायड्रोजन सल्फाइड काढून त्याचे गंधक केले जाते आणि ते वितळलेल्या रूपात पाइपातून टाकीकडे जाते. सुमारे ११९ अंशांच्या खाली ते गोठते, ही झाली खालची हद्द. मग भरपूर तापवून निश्चिंत व्हावे, असे वाटेल. गंधक ते होऊ देत नाही. तापमान वाढत जाते तसे ते आधी पातळ होते. १५५ अंशांच्या आसपास त्याची विष्यंदिता सातेक सेंटिपॉइझ असते. १६० अंश ओलांडले की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तयार होऊ लागतात आणि १८७ अंशांच्या सुमारास तीच विष्यंदिता नव्वद हजारांच्या पुढे जाते. जास्त तापवल्यामुळे लाइन तुंबावी, असा हा विलक्षण पदार्थ आहे. त्यामुळे गंधकाची लाइन साधारण १२५ ते १५५ अंशांच्या पट्ट्यातच ठेवतात. या पट्ट्याच्या मध्याजवळ, समजा १४० वर, सेट पॉइंट ठेवला तर दोन्ही बाजूंना सारखी मोकळीक मिळते.

वरची हद्द नेहमी द्रवच घालून देतो असे नाही. कधी ती पाइपाची असते. ५० टक्के कॉस्टिक सोडा साधारण १२ ते १५ अंशांना स्फटिकरूप होऊ लागतो, म्हणून त्याला थोडीशी ऊब पुरते. पण साध्या कार्बन स्टीलच्या पाइपात, वेल्डिंगनंतर ताण काढण्याची उष्णता-प्रक्रिया झालेली नसेल, तर तापमान ५० अंशांच्या आसपास गेल्यावर वेल्डजवळ भेगा पडण्याचा धोका सुरू होतो. अशा लाइनवर ‘जरा जास्तच राहू दे’ म्हणून वाढवलेला सेट पॉइंट लाइन गोठू देणार नाही, पण ती फोडील. इतर ठिकाणी वरची हद्द रंगाची असेल, चवीची असेल, रेझिन स्वतःहून घट्ट होण्याची असेल. प्रत्येक सेट पॉइंटच्या खाली एक आणि वर एक भिंत असते. त्या दोन्ही भिंती कागदावर लिहिल्याशिवाय मधला आकडा लिहू नये.

पाइप आणि केबल यांची चर्चा स्वतंत्र प्रकरणांत आहे; इथे एकच सूचना. सेल्फ-रेग्युलेटिंग केबल १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. तिच्या दोन तारांमध्ये कार्बन मिसळलेले प्लास्टिक असते. ते तापून फुगते तशा कार्बनच्या वाटा तुटतात, रोध वाढतो आणि केबल आपोआप कमी उष्णता देऊ लागते. या गुणामुळे ‘हिला कंट्रोलर लागतच नाही’ असा एक समज पसरला आहे. केबल स्वतःला जळण्यापासून वाचवते, हे खरे. तुमचा द्रव १४० वर हवा की ३० वर, हे मात्र तिला ठाऊक नसते. शिवाय ती थंड असताना सुरू केली तर पहिली काही मिनिटे बराच जास्त करंट ओढते. थंडीच्या पहाटे एमसीबी विनाकारण ट्रिप होतो असे वाटते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते.

सेन्सरकडे मात्र वाचकांनी थांबून पाहावे, कारण कंट्रोलरला जग दिसते ते त्याच एका डोळ्याने. बहुतेक ठिकाणी पीटी-१०० प्रकारचा आरटीडी असतो. शून्य अंशाला त्याचा रोध १०० ओहम आणि शंभर अंशांना १३८.५ ओहम असतो, म्हणजे एका अंशाला ओहमच्या चार दशांशापेक्षाही थोडा कमी फरक. दोन तारांनी जोडलेल्या आरटीडीच्या वायरचा एक ओहम रोध मोजमापात मिसळला, की वाचन अडीच अंशांहून अधिक वर जाते. तीन तारांची जोडणी हा रोध वजा करण्यासाठीच असते. जागाही महत्त्वाची. आरटीडी केबलला खेटून बांधला तर तो केबलचे तापमान सांगतो, पाइपाचे नाही. म्हणून तो केबलपासून दूर, पाइपाच्या दुसऱ्या बाजूला बांधतात. एकाच सर्किटवर वाहती मुख्य लाइन आणि द्रव साचून राहणारी फांदी अशा दोन्ही असतील आणि सेन्सर वाहत्या भागावर असेल, तर गरम प्रवाहामुळे कंट्रोलर वीज तोडतो आणि फांदी मुकाट्याने गोठते. अशा सर्किटवर सेट पॉइंट कितीही विचाराने ठरवला तरी उपयोग नाही. तिथे सर्किटच वेगळे करायला हवे.

एवढी तयारी झाली की कंट्रोलरचा पडदा उघडायला हरकत नाही. पहिली नोंद सेट पॉइंटची आणि तिला लागूनच डेडबँडची. १४० चा सेट पॉइंट आणि ३ अंशांचा डेडबँड म्हणजे हीटर नेमका कधी चालू होणार? काही कंट्रोलर १४० ला बंद करून १३७ ला चालू करतात. काही तो पट्टा सेट पॉइंटच्या दोन्ही बाजूंना वाटून देतात. कमी तापमानाच्या अलार्मचे गणित यावर अवलंबून असल्याने मॅन्युअलमधले तेवढे पान आधी वाचावे. डेडबँड फार लहान ठेवला तर कॉन्टॅक्टर सतत खडखडत राहतो आणि लवकर झिजतो. फार मोठा ठेवला तर तापमान झोके घेते. सॉलिड स्टेट रिले असेल तर झिजेची चिंता नाही, पण त्याचे दुखणे वेगळे आहे. तो बिघडतो तेव्हा अनेकदा आतून शॉर्ट होतो, म्हणजे ‘बंद’ सांगूनही हीटर चालूच राहतो. जास्त तापमानाच्या अलार्मला पुढे जे महत्त्व दिले आहे, त्याचे एक कारण हे.

कमी तापमानाचा अलार्म कुठे ठेवायचा, हा या पुस्तकाचा गाभा म्हणता येईल. प्रचलित रीत अशी की सेट पॉइंटमधून पाच किंवा दहा अंश वजा करायचे. त्याऐवजी एक प्रश्न विचारून पाहा: अलार्म आल्यापासून द्रव गोठेपर्यंत आपल्याला किती वेळ हवा आहे? समजा, गंधकाच्या लाइनवर हीटर बंद ठेवून पाहिले आणि वाहता प्रवाह नसताना ती ताशी चार अंशांनी थंड होते असे आढळले. अलार्म १३० ला ठेवला तर १२० ला पोचेपर्यंत अडीच तास मिळतील. रात्रपाळीला एकच इलेक्ट्रिशियन आहे, तो प्लांटच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो, परवाना घेऊन पॅनेल उघडायला आणि बिघाड शोधायला वेळ जाणार. अडीच तास पुरतील का? पुरत नसतील तर अलार्म १३२ किंवा १३४ वर आणावा. मात्र तो हीटर चालू होण्याच्या तापमानाच्या पुरेसा खाली हवा, नाहीतर नेहमीच्या झोक्यातच वाजत राहील. हा हिशेब केला की अलार्मचा आकडा अंशांत लिहिलेला असला तरी मोजायचा असतो तो वेळ, हे कायमचे लक्षात राहते.

गंधकाबाबत हा वेळ आणखी एका कारणाने मोलाचा आहे. लाइन एकदा गोठली की ती पुन्हा वितळवणे जोखमीचे काम आहे. गंधक वितळताना फुगते. मधला भाग आधी वितळला आणि दोन्ही टोके गोठलेलीच राहिली, तर अडकलेल्या द्रवाचा दाब पाइप किंवा फ्लँज सोसू शकत नाही. म्हणून पुन्हा तापवणे मोकळ्या टोकाकडून आणि सावकाश करावे लागते. अलार्म वेळेवर आला असता तर एका फ्यूजवर भागले असते, त्या ठिकाणी मग दिवसच्या दिवस जातात.

जास्त तापमानाच्या अलार्मचा विचार वरच्या भिंतीपासून खाली यावा. गंधकाच्या उदाहरणात १५० हा आकडा समजून घेता येतो: १५५ च्या अलीकडे पाच अंश. प्रवाह वाहता असेल आणि तो स्वतःच १४५ अंशांनी येत असेल, तर हा अलार्म केबलच्या दोषाने वाजला की प्रवाहाच्या उष्णतेने, हे ऑपरेटरला ओळखता आले पाहिजे. तशी सूचना अलार्मसोबत लिहून ठेवावी. ज्वलनशील वायूंच्या क्षेत्रात आणखी एक बंधन येते. तिथे उपकरणांना तापमानवर्ग असतो: टी-३ म्हणजे पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जाता कामा नये, टी-४ म्हणजे १३५ च्या. केबलचा पृष्ठभाग पाइपापेक्षा गरम असतो, त्यामुळे १४० ची लाइन टी-४ क्षेत्रात बसू शकत नाही, हे सेट पॉइंट लिहितानाच कळायला हवे. अशा जागी गरजेप्रमाणे वेगळा लिमिटर बसवतात. त्याचा सेन्सर वेगळा असतो, आणि तो ट्रिप झाला की माणसाने जाऊन हाताने रीसेट केल्याशिवाय वीज येत नाही. कंट्रोलर आणि लिमिटर यांचे काम एकाच सेन्सरवर सोपवण्याची काटकसर करू नये.

करंट आणि अर्थ लीकेज या नोंदी तापमानाच्या मानाने सोप्या, पण त्यांचेही काही बारकावे आहेत. सिरीज प्रकारची केबल तुटली की करंट शून्य होतो, त्यामुळे कमी करंटचा अलार्म ठरवणे सोपे जाते. समांतर प्रकारच्या केबलमध्ये कुठेतरी घाव पडला तर पुढचाच भाग मृत होतो आणि करंट फक्त घटतो. त्यातही सेल्फ-रेग्युलेटिंग केबलचा करंट तापमानाबरोबर बदलत असल्याने तिची मर्यादा सैल ठेवावी लागते. अर्थ लीकेजसाठी ३० मिलिअँपिअरला ट्रिप हा रूढ आकडा आहे, आणि अनेक ठिकाणी २० वर आधी अलार्म ठेवतात. लांब केबलमध्ये मुळातच थोडी गळती असते. ती कमिशनिंगच्या दिवशी मोजून लिहून ठेवली, तर पुढे पावसाळ्यात इन्सुलेशनमध्ये पाणी शिरून ती वाढली की चटकन लक्षात येते. कोकणातल्या प्लांटमध्ये जून ते सप्टेंबरदरम्यान ही एक नोंद पुष्कळ काही सांगून जाते.

सेन्सर बिघडला तर काय करायचे, ही नोंद बहुधा सर्वांत शेवटच्या पानावर असते आणि म्हणूनच राहून जाते. आरटीडीची तार तुटली तर रोध अनंत होतो, म्हणजे साध्या हिशेबाने लाइन भलतीच गरम दिसते आणि हीटर बंद पडतो. तार शॉर्ट झाली तर लाइन बर्फगार दिसते आणि हीटर चालूच राहतो. चांगले कंट्रोलर हे दोन्ही ओळखतात आणि तुम्हाला विचारतात: अशा वेळी हीटर चालू ठेवू की बंद? याचे सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. गोठल्यावर मोठे नुकसान करणारा आणि जास्त तापल्यावर फारसे न बिघडणारा द्रव असेल, तर चालू ठेवणे शहाणपणाचे. कॉस्टिकच्या लाइनवर, किंवा ज्वलनशील क्षेत्रात, बंद ठेवणे बरे. म्हणजे पुन्हा त्या दोन भिंतींकडे यावे लागते, आणि पुस्तकभर आपण तिथेच परत परत येणार आहोत.

अलार्मची संख्या हाही एक स्वतंत्र विषय आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन येथील शुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला. स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते, असे चौकशीत निघाले. त्यानंतरच्या काळात अलार्म-व्यवस्थापन ही शिस्तबद्ध विद्याशाखा म्हणून वाढली. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये इइमुआ १९१ ही मार्गदर्शिका आली, २००९ मध्ये अमेरिकेत आयएसए १८.२ हे मानक आणि २०१४ मध्ये आयईसी ६२६८२ हे आंतरराष्ट्रीय मानक. त्या सर्वांचे सार मराठीत सांगायचे तर असे: ज्या अलार्मवर माणसाने काही करायचे नाही, तो अलार्म नसावा. हीट ट्रेसिंगला हे विशेष लागू आहे, कारण इथे सर्किटांची संख्या शेकड्यांत जाते आणि प्रत्येक सर्किट सहा-सात प्रकारचे अलार्म देऊ शकते. सगळे कंट्रोल रूमकडे पाठवले, तर ऑपरेटर हीट ट्रेसिंगचा अलार्म न वाचताच स्वीकारायला शिकतो. म्हणून कोणता अलार्म ऑपरेटरकडे जावा, कोणता फक्त देखभाल विभागाच्या यादीत राहावा आणि कोणता किती मिनिटांच्या विलंबाने वाजावा, हे आकड्यांइतक्याच काळजीने ठरवावे. शटडाउननंतर लाइन थंड असताना सुरू केली, तर कमी तापमानाचा अलार्म येणारच. त्यासाठी विलंबाची सोय वापरावी, अलार्मच बंद करून ठेवू नये. बंद केलेला अलार्म पुन्हा चालू करायचे सहसा राहूनच जाते.

आकडे भरून झाले की ते खरे करून पाहावेत. यासाठी एक साधी रीत पुढे सविस्तर दिली आहे. आरटीडीच्या तारा सोडवून त्या जागी डिकेड बॉक्स, म्हणजे हवा तेवढा रोध लावता येणारी पेटी, जोडायची. तिच्यावर १५३.६ ओहम लावले की पडद्यावर १४० अंश दिसले पाहिजेत. रोध हळूहळू उतरवत १४९.८ च्या खाली गेलात की १३० चा कमी तापमानाचा अलार्म यायला हवा, आणि तो पॅनेलवरच नव्हे, कंट्रोल रूमच्या पडद्यावरही बरोबर सर्किटच्या नावाने यायला हवा. मग वर जाऊन १५७.३ ओलांडले की जास्त तापमानाचा. अलार्म भलत्याच सर्किटच्या नावावर उमटतो, किंवा पॅनेलपासून पुढे पोचतच नाही, असे या चाचणीत अनेकदा उघडकीला येते. चाचणी झाली की आकडे पासवर्डने बंद करावेत आणि पुढचा बदल लेखी परवानगीनेच व्हावा.

शेवटी नोंदवहीविषयी. या पुस्तकाच्या अखेरीस सर्किट-पत्रकाचा एक नमुना दिला आहे. नेहमीच्या पत्रकांपेक्षा त्यात एकच रकाना जास्त आहे: प्रत्येक आकड्यापुढे ‘कारण’. सेट पॉइंट १४०, कारण अमुक. कमी तापमानाचा अलार्म १३०, कारण लाइन ताशी चार अंशांनी थंड होते आणि माणूस पोचायला इतका वेळ लागतो. हा रकाना भरायला प्रोसेस, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंट या तिन्ही विभागांना एका टेबलाशी बसावे लागते, कारण एकट्याला सगळी कारणे ठाऊक नसतात. पाच वर्षांनी इन्सुलेशन बदलले, द्रव बदलला किंवा रात्रपाळीची माणसे कमी झाली, की कोणता आकडा बदलायला हवा हे त्या रकान्यावरून नवीन माणसालाही सांगता येते. कारण नसलेला आकडा मात्र बदलायलाही भीती वाटते आणि ठेवायलाही.

वाचकांना एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या प्लांटमधले कोणतेही एक सर्किट निवडा, त्याच्या कंट्रोलरमधले सगळे आकडे कागदावर उतरवून घ्या आणि प्रत्येकापुढे तुम्हाला ठाऊक असलेले कारण लिहा. काही रकाने रिकामे राहतील. ते कोणाचेही राहतात. पुस्तक वाचताना ते एकेक करून भरत जा, आणि जे पुस्तकाने भरत नाहीत ते प्लांटमधल्या जाणत्या ऑपरेटरला विचारून भरा. तो कागद पूर्ण झाला म्हणजे तुमच्या प्लांटपुरते या विषयातले एक प्रकरण तुम्हीच लिहिलेले असेल. पुढच्या आवृत्तीसाठी अशी कागदपत्रे, शंका आणि सुधारणा वाचकांनी जरूर कळवाव्यात. मराठीत हा विषय उभा राहायचा तर तो अशाच नोंदींवर उभा राहील.